बर्गेनच्या लाकडी गल्ल्यांत

बर्गेनला जाणाऱ्याने दुसरे काही विसरले तरी चालेल, छत्री विसरू नये. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर वसलेल्या या शहरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या कोकणातल्या माणसाला या आकड्याचे काही वाटणार नाही. पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करून निघून जातो, तिथला बारा महिने थोडा थोडा करून देणे फेडतो. सात डोंगरांच्या कुशीत गाव, समोर बंदर, आणि डोंगरावर अडलेले ढग सदा डोक्यावर. घरात बसून करायच्या कामांना या मुलखात एवढा मान का मिळाला, याचे निम्मे उत्तर या पावसात आहे. उरलेले निम्मे तिथल्या जमिनीत सापडते. देशाच्या एकूण भूभागापैकी लागवडीखाली जेमतेम तीन टक्के जमीन! बाकी सगळा खडक, जंगल, डोंगर आणि पाणी. शेत लहान, हिवाळा लांब, म्हणून शेतकऱ्याच्या घरातला प्रत्येक हात काही ना काही करीत राहिला. पुरुषांनी लाकूड तासले, बायकांनी लोकर कातली आणि विणली. त्या हातांची विद्या आज कुठे आणि कशी शिल्लक आहे, ते पाहण्यासाठी आम्ही बर्गेनची दुकाने आणि कारखाने धुंडाळीत हिंडलो.

बंदराच्या काठावर लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या उभ्या लाकडी घरांची एक रांग आहे. तिला ब्रिगेन म्हणतात, म्हणजे धक्का. नॉर्वेची जी चित्रे परदेशात छापली जातात, त्यांत ही रांग हटकून असते. इथे १३६० च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांनी आपली वखार थाटली. या व्यापारी संघाचे नाव हान्झा. उत्तर नॉर्वेतले कोळी वाळवलेला कॉड मासा होड्यांतून इथे आणीत. हा मासा मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर टांगून वाळवतात. सुकला की लाकडासारखा टणक होतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या बोंबलाचाच हा थोराड भाऊ म्हणायचा. त्याच्या बदल्यात जर्मन व्यापारी धान्य देत. ज्या देशात पोटापुरते धान्य पिकत नाही, तिथे धान्याची कोठारे ज्याच्या हातात तो मालक! कोळी एकदा उधारीवर धान्य घेई आणि मग पिढ्यान् पिढ्या त्याच व्यापाऱ्याच्या वहीत अडकून राही. ही गोष्ट आपल्या वाचकांना फोड करून सांगायला नको.

ही घरे अनेकदा जळली. १७०२ सालच्या आगीत तर शहराचा बराचसा भाग राख झाला. पण लोकांनी दरवेळी जुन्याच पायावर, जुन्याच मापाने घरे पुन्हा उभी केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निम्मी रांग पाडून तिथे विटांच्या इमारती आल्या. १९५५ साली पुन्हा आग लागली आणि आणखी काही भाग गेला. आता साठेक घरे उरली आहेत. १९७९ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले.

रस्त्यावरून पाहिले तर ही एक रांग दिसते, पण खरी मौज मागे आहे. दोन घरांच्या मधून एक अरुंद बोळ आत शिरतो. खाली फळ्यांची जमीन, दोन्ही बाजूंना लाकडी भिंती, वर बाहेरून काढलेले जिने आणि सज्जे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे लागते. भिंती कललेल्या, दारे तिरपी, खिडक्यांच्या चौकटींना काटकोन म्हणून माहीत नाही. डांबराचा आणि जुन्या लाकडाचा वास नाकात भरतो. जुन्या काळी या घरांत आगीच्या भीतीने चूल पेटवायला मनाई होती. हाडे गोठवणाऱ्या थंडीत व्यापाऱ्यांचे नोकर बिनविस्तवाच्या खोल्यांत राहत आणि जेवायला, ऊब घ्यायला मागच्या बाजूच्या वेगळ्या घरात जात. आता त्याच खोल्यांत कारागिरांची छोटी दुकाने आहेत. कुठे सोनार बसला आहे, कुठे चामड्याच्या पिशव्या आणि हातमोजे शिवले जात आहेत, कुठे मातीची भांडी, कुठे चित्रकाराची खोली, कुठे विणलेले कपडे. कित्येक ठिकाणी पुढे विक्री आणि मागे काम असा प्रकार. आपल्या तांबट आळीची आठवण यावी अशी रचना, फक्त ठोक्यांचा आवाज नाही. सगळे कसे शांत.

या घरांच्या दुरुस्तीचे काम हीही एक कारागिरीच आहे, आणि मला तर दुकानांपेक्षा तेच अधिक पाहण्याजोगे वाटले. १९६२ साली या घरांसाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे सुतार जुन्या पद्धतीनेच काम करतात. भिंत म्हणजे आडवे ओंडके एकावर एक रचायचे, कोपऱ्यावर खाचा पाडून ते एकमेकांत असे बसवायचे की खिळ्याची गरज पडू नये. कुऱ्हाडीने तासलेल्या ओंडक्यावर करवतीने कापलेला तुकडा जोडला तर नजरेला लगेच खटकतो, म्हणून नवे लाकूडही कुऱ्हाडीनेच तासतात. कुजलेला भाग तेवढाच काढायचा, चांगला भाग ठेवायचा. एका घराला वर्षे लागतात.

पण मोठे संकट भिंतींत नव्हते, जमिनीखाली होते. ही घरे ज्या जमिनीवर उभी आहेत ती खरी जमीनच नव्हे. शेकडो वर्षे लोकांनी समुद्रात लाकडे, कचरा आणि जळक्या घरांचे अवशेष टाकून किनारा पुढे सरकवला, त्या भरावावर ही रांग आहे. लाकूड पाण्यात बुडून राहिले तर शतकानुशतके टिकते, हे विहिरीच्या तळाशी जांभळाची फळी टाकणाऱ्या आपल्या माणसांना ठाऊक आहे. त्याला हवा लागली की मात्र कुजायला सुरुवात होते. जळालेल्या भागात पुढे एक मोठी नवी इमारत झाली, तिच्या तळघरासाठी पाण्याचा निचरा होऊ लागला आणि शेजारच्या भरावातले पाणी खाली गेले. शेकडो वर्षे ओली राहिलेली लाकडे कुजू लागली आणि घरे दरवर्षी काही मिलिमीटर खचू लागली. तेव्हा मग २०११ पासून पाणी परत जमिनीत मुरवण्याचे काम हाती घेतले. छपरांवरचे पावसाचे पाणी गटारात न सोडता चरांतून जमिनीत जिरवायचे. एवढा पाऊस पडणाऱ्या गावात भूजल पुन्हा भरण्यासाठी खटपट करावी लागते, हे ऐकून हसू येते. पण उपाय लागू पडला, पाण्याची पातळी वर आली आणि खचणे पुष्कळ कमी झाले.

१९५५ च्या आगीनंतर त्या जागी उत्खनन झाले. त्यात लाकडाच्या आणि हाडाच्या तुकड्यांवर रून नावाच्या जुन्या लिपीत कोरलेले सुमारे ६७० लेख सापडले. ही लिपी राजांच्या आणि वीरांच्या शिळांवरच असायची असा समज होता. इथे पाहावे तर साधी माणसे! मालाच्या पोत्यावर बांधायच्या लाकडी चिठ्ठ्या, ज्यांवर मालकाचे नाव आहे. प्रेमाच्या ओळी आहेत. आणि एका तुकडीवर तर कुणा बाईने आपल्या माणसाला घरी परत ये म्हणून निरोप धाडला आहे. तो गुत्त्यात बसला असावा असे जाणकार म्हणतात. सातआठशे वर्षांत संसार काही बदललेला नाही! हे सगळे जवळच्याच ब्रिगेन संग्रहालयात मांडले आहे. ते १९७६ साली उघडले.

आता लोकरीकडे वळू, कारण बर्गेनच्या दुकानांत सगळ्यांत जास्त जागा तिने व्यापली आहे. भिंतभर धाग्यांच्या लडी, नक्षीचे जाड स्वेटर, टोप्या, मोजे. एका दुकानातल्या बाईंनी आमच्या हातात एक हातमोजा दिला. करड्या रंगाचा, जाडजूड, माणसाच्या हाताच्या दीडपट मोठा, आणि त्याला चक्क दोन अंगठे! आम्ही बुचकळ्यात पडलो. मग त्यांनी समजावून सांगितले. हा कोळ्यांचा हातमोजा. तो मुद्दाम मोठा विणायचा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात भिजून आणि वल्ह्यावर घासून तो आटतो, घट्ट होतो आणि मग ओला असला तरी हाताला ऊब देतो. वल्हे मारून तळव्याकडची बाजू झिजली की मोजा फिरवून घालायचा, म्हणून दुसरा अंगठा. ज्या कुणा कोळिणीने पहिल्यांदा हे डोके चालवले, तिचे नाव कुठेच लिहिलेले नाही.

नाव राहिले ते एका शेतावरच्या मुलीचे. बर्गेनपासून पुष्कळ उत्तरेला सेल्बू नावाचे गाव आहे. तिथे १८५७ साली मारित गुल्डसेटब्रू (लग्नानंतरची एमस्टाड) या सोळा वर्षांच्या मुलीने काळ्या आणि पांढऱ्या धाग्यांनी आठ पाकळ्यांची नक्षी घालून हातमोजे विणले. ते घालून भावंडे चर्चमध्ये गेली, आणि पाहता पाहता सगळ्या गावाने तो नमुना उचलला. पुढे या हातमोज्यांची विक्री हा गावातल्या घराघरांचा जोडधंदा झाला. आज नॉर्वेची म्हणून जी चांदणीसारखी नक्षी जगभर ओळखली जाते, ती हीच.

लोकर बघितली, तर मेंढ्या बघायला नकोत का? बर्गेनच्या उत्तरेला लिग्रा नावाचे बेट आहे. तिथे हेदर नावाच्या बुटक्या झुडपांची माळराने राखली आहेत. या किनाऱ्यावर हिवाळा फार कडक नसतो, त्यामुळे जुन्या जातीच्या लहान चणीच्या मेंढ्या बारा महिने उघड्यावर चरतात, त्यांना गोठा लागत नाही. हेदर जुने झाले की लाकडासारखे निबर होते. मग हिवाळा सरताना त्याचे एकेक पट्टे पेटवून देतात. राखेतून कोवळा फुटवा येतो, तोच मेंढ्यांचा चारा. राब भाजणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे चित्र अनोळखी वाटू नये. कामाचा हेतू निराळा, पण पेटवायची वेळ, वाऱ्याचा अंदाज आणि आग आवरण्याची हुशारी तीच.

ही जुनी मेंढी मधल्या काळात संपतच आली होती. मोठ्या अंगाच्या, जास्त मांस देणाऱ्या जाती आल्या आणि हिला कोणी विचारीना. बर्गेनच्या दक्षिणेला आउस्टेव्होल नावाच्या बेटांवर काही कळप राहिले, त्यांच्यापासून ती पुन्हा वाढली. तिची लोकर दुपदरी असते. वर लांब, राठ केस, त्यांवरून पाणी ओघळून जाते. खाली मऊ, दाट लोकर, ती ऊब धरते. उन्हाळ्याच्या तोंडाला ही लोकर आपोआप सुटते, तेव्हा कातरीऐवजी हाताने उपटून काढता येते. हजार वर्षांपूर्वी नॉर्वेच्या दर्यावर्दी लोकांची जहाजे लोकरीच्या शिडांवर चालत. एका शिडाला शेकडो मेंढ्यांची लोकर लागे, आणि ती कातायला व विणायला बायकांची वर्षे जात. जहाजांच्या कथा आपण ऐकतो, शिडे विणणाऱ्यांच्या कथा कोणी सांगत नाही.

आज नॉर्वेत मेंढी पाळतात ती मुख्यतः मांसासाठी. उन्हाळ्यात कोकरांसह वीस लाखांवर मेंढ्या डोंगरकुरणांवर सोडतात आणि सप्टेंबरात खाली आणतात. नुसत्या लोकरीवर शेतकऱ्याचे भागत नाही. तरीही ती फेकली जात नाही, याचे कारण व्यवस्था. लोकर संकलन केंद्रावर जाते, तिथे जाणती माणसे हाताने चाचपून तिची प्रत ठरवतात, आणि प्रतीप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. स्वच्छ, चांगल्या लोकरीला जास्त, घाणेरड्या लोकरीला कमी किंवा काहीच नाही. म्हणून शेतकरी कातरणीच्या वेळी काळजी घेतो. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीला कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून धनगर बांधव ती टाकून देतात, आणि घोंगडी विणणारे सनगर दिवसेंदिवस कमी होत आहेत, हे आठवले आणि क्षणभर गप्प झालो.

लोकरीचा धागा होताना पाहायचा असेल तर बर्गेनच्या उत्तरेला येल्मोस गावी जावे. तिथे खाडीच्या काठी हिल्लेसव्हाग नावाची सूतगिरणी १८९८ पासून चालू आहे, एकाच कुटुंबाच्या हातात. पिंजण्याची आणि कातण्याची यंत्रे जुनी, धडधडणारी, तेलाने माखलेली. एका टोकाला लोकरीचे पुंजके आत जातात, यंत्राच्या दातांतून जाळीसारखा पापुद्रा निघतो, त्याच्या वाती होतात, आणि वातींना पीळ बसून सूत. आमच्याबरोबरच्या मुलांनी तासभर तिथून पाय काढला नाही. वाटेवरच साल्हुस गावी विणमालाचा एक जुना कारखाना लागतो. १८५९ ला निघाला, १९८९ ला बंद पडला, आणि २००१ पासून तो संग्रहालय आहे. एक चालू आहे, एक पाहण्यापुरता उरला आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहावेत. याखेरीज अलीकडे देशात काही छोट्या सूतगिरण्या निघाल्या आहेत, त्या शेतकऱ्याची स्वतःची लोकर घेऊन सूत कातून परत देतात. ही युक्ती आपल्याकडे कोणी करून पाहावी असे मनापासून वाटते.

नॉर्वेच्या बहुतेक गावांत ‘हुसफ्लिड’ अशी पाटी असलेले एखादे दुकान दिसते. हुस म्हणजे घर, फ्लिड म्हणजे कष्टाळूपणा. घरी बसून केलेली हातकामे, असा अर्थ. कारखान्याचा माल येऊन ही कामे बुडू लागली, तेव्हा १८९१ मध्ये त्यांच्यासाठी एक संस्था निघाली, आणि १९१० मध्ये देशभरच्या हौशी लोकांचा संघ झाला. या संघाच्या गावोगावी शाखा आहेत. अलीकडे त्यांनी एक छान गोष्ट केली आहे. नष्ट होऊ घातलेल्या पशुपक्ष्यांची जशी यादी करतात, तशी मरू घातलेल्या हातकामांची यादी! गावच्या शाखेने आपल्या भागातले एखादे काम निवडायचे, जे येणारी म्हातारी माणसे दोन-चारच उरली आहेत. त्यांच्याकडून ते शिकायचे आणि इतरांना शिकवायचे. कुठे टोपलीचा एखादा प्रकार, कुठे विणीचा, कुठे पट्टा विणण्याचा.

या दुकानांत बुनाडचे कापड, धागे आणि कशिद्याचे सामान मिळते. बुनाड म्हणजे प्रत्येक भागाचा ठरलेला पोशाख. बर्गेनजवळच्या हार्डांगरचा लाल चोळीचा आणि पांढऱ्या, जाळीदार कशिद्याच्या ॲप्रनचा पोशाख सर्वांत प्रसिद्ध. १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, त्या दिवशी शहर या पोशाखांनी फुलून जाते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलीला बुनाड करतात, आणि शिवताना आत कापड राखून ठेवतात, म्हणजे पुढे अंग भरले की उसवून वाढवता येते. आपल्याकडच्या आयांना ही काटकसर पसंत पडेल. किंमत मात्र जबर. चांदीच्या दागिन्यांसकट तीस-चाळीस हजार क्रोनर सहज लागतात, पुष्कळदा त्याहून जास्त. म्हणून आजीचा बुनाड नातीला येतो. काही दुकाने परदेशातून स्वस्तात शिवून आणतात, त्यावरून तिथे वाद झडतात. स्वस्त नको कुणाला? पण शिवणारे हात संपले तर दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्नही खराच आहे. २०२४ साली बुनाडची परंपराही युनेस्कोच्या यादीत गेली.

बुनाडवर लावायच्या चांदीच्या पिनेला सोल्ये म्हणतात. तिला बारीक वाटीसारखी पाने टांगलेली असतात, चालताना ती चमचमतात. पूर्वी तान्ह्या बाळालाही चांदी बांधत, म्हणजे डोंगरातल्या भुताखेतांची नजर पडू नये. आपल्या वाळ्या-बिंदल्या आठवा.

खरेदीबद्दल एक सांगायचे. बंदराकाठच्या मोठ्या दुकानांत नॉर्वेची नक्षी दिसली म्हणून माल नॉर्वेचा असतोच असे नाही. कपडा उलटा करून आतली चिठ्ठी वाचावी. आम्ही दुकानातले स्वेटर नुसते हात लावून ठेवून दिले आणि धाग्याच्या चार लडी घेतल्या. विणणारे हात घरी आहेत.

शेवटचा दिवस आम्ही ओस या गावासाठी ठेवला होता. बर्गेनच्या दक्षिणेला बसने जाता येते. या भागातली शेते खाडीच्या काठावर विखुरलेली, पूर्वी मध्ये रस्ते नव्हते, त्यामुळे होडी हीच बैलगाडी. चर्चला होडीने, बाजाराला होडीने, वरातही होडीने. इथल्या होडीचे नाव ओसेल्वार. सडपातळ, हलकी, वल्ह्यांवर आणि शिडावरही चालणारी. एका बाजूला पाइनच्या फक्त तीन रुंद फळ्या, एकीचा काठ दुसरीवर चढवून खिळ्यांनी जोडलेल्या. आधी सांगाडा आणि मग फळ्या असे नव्हे. आधी फळ्या वाकवून पोट तयार करायचे, मग आत बरगड्या बसवायच्या. नकाशा नाही. आकार कारागिराच्या डोळ्यांत असतो. जुन्या काळी इथले लोक अशा होड्या तयार करून पुन्हा सुट्या करीत आणि फळ्यांचे गठ्ठे समुद्रापार शेटलंड बेटांवर विकायला पाठवीत. तिथे झाडे नाहीत, म्हणून तिकडचे लोक त्या जोडून घेत.

प्लॅस्टिकच्या होड्या आल्या आणि हा धंदा बसला. जाणते कारागीर थोडे आणि वयस्कर उरले. तेव्हा १९९७ साली ओसमध्ये एक कार्यशाळा उघडली. तिथे कसबी कारागिराच्या हाताखाली शिकाऊ माणूस पगार घेऊन प्रत्यक्ष होडी बांधत शिकतो. शिकणे आणि कमावणे एकत्र. हा प्रयोग इतका चांगला ठरला की २०१६ साली युनेस्कोने परंपरा जतन करण्याचा नमुना म्हणून त्याची नोंद केली.

आम्ही गेलो तेव्हा एक होडी ठोकळ्यांवर उभी होती, दोन फळ्या लागलेल्या, तिसरीची जागा मोकळी. जमिनीवर रंध्याच्या सालींचा ढीग. एक तरुण कारागीर फळीचा काठ तासत होता, दोन झटके मारी, चार पावले मागे जाऊन एक डोळा मिटून पाही, आणि पुन्हा जवळ येई. माप कसे घेता म्हणून विचारले, तर त्याने कोपऱ्यातली एक जुनी लाकडी पट्टी दाखवली, तिच्यावर नुसत्या खुणा होत्या. आणि मग परत चार पावले मागे गेला.